पाच रुपयांचा बॉलपेन घराघरात पोहोचला, पण तो बनवणाऱ्या लास्लो बिरोच्या हाती काय उरलं?

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू असतो. ट्रॅक्टरच्या लांबच लांब रांगा, डोक्यावर ऊन, हवेत धूळ आणि व्यापाऱ्यांची बोली. भाव ठरला की तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली जाते आणि शेतकऱ्याच्या हातात पडते. लिहिणाऱ्यासमोर ना टेबल असतं ना खुर्ची. एका हातात पावतीपुस्तक, दुसऱ्या हातात पेन, आणि उभ्या उभ्या काम चालू.

तिकडे निफाड, दिंडोरीकडे गारपीट झाली की तलाठी द्राक्षबागेत पंचनाम्याला जातात. पायाखाली चिखल, अंगावर भुरभुर पाऊस. नुकसान किती झालं ते जागेवर लिहायचं असतं. ते कागदावर आलं नाही, तर भरपाईचा विषय पुढे सरकत नाही.

या सगळ्या ठिकाणी खिशात एकच वस्तू सापडते. पाच-दहा रुपयांचा साधा बॉलपेन. तो खाली पडतो, उन्हात तापतो, निफाडच्या थंडीत गारठतो, पँटच्या मागच्या खिशात दाबला जातो, तरी दोनदा रेघोट्या मारल्या की परत चालू होतो.

आता ही वस्तू इतकी साधी आहे की ती कुणी तरी शोधून काढली असेल, हे डोक्यातच येत नाही. पण ती शोधली होती. लास्लो बिरो नावाच्या हंगेरीतल्या एका पत्रकाराने. या पेनपायी त्याच्या आयुष्यातली कित्येक वर्षं गेली, त्याला देश सोडावा लागला आणि शेवटी ज्या शोधावर दुसऱ्यांनी साम्राज्यं उभी केली, त्यातला त्याचा वाटा जवळपास संपला होता.

ही त्याची गोष्ट.

आधी लिहिणं किती कटकटीचं होतं?

आपल्याकडे आधी बोरू होता. बोरू म्हणजे तासलेली वेताची किंवा बांबूची काडी. मग टाक आणि दौत आली. टाक दौतीत बुडवायचा, दोन-चार शब्द लिहायचे, परत बुडवायचा. दौत सांडली की वही, सदरा आणि मास्तरांचा मूड, तिन्ही खराब.

मग फाउंटन पेन आला. शाई पेनच्या पोटातच भरता येऊ लागली. मोठी सोय झाली, पण कटकट संपली नाही. पेन जोरात आपटला की निब वाकडी. टोपण उघडं राहिलं की शाई सुकली. लिहून झाल्यावर टीपकागद लावला नाही, तर हात फिरवला की अक्षर फराटलं. आणि प्रवासात शाई गळली, की शर्टाच्या खिशावर निळा डाग ठरलेला.

तरी त्या काळात शिक्षण वाढत होतं, कचेऱ्या वाढत होत्या, शाईला मागणी होती. आपल्या मराठी माणसांनी याच धंद्यात पाय रोवले. १९३१ साली मुंबईत दि. प. दांडेकर आणि त्यांच्या भावाने दांडेकर अँड कंपनी सुरू केली. सुरुवात झाली ती शाईची पावडर आणि शाईच्या गोळ्यांपासून. नाव होतं हॉर्स ब्रँड. पुढे फाउंटन पेनसाठी त्यांनी कॅमल शाई आणली आणि त्यातूनच आपल्या कंपासपेटीतलं कॅमलिन उभं राहिलं.

योगायोग बघा, दांडेकर मुंबईत शाईचा कारखाना उभा करत होते, त्याच १९३१ साली हजारो किलोमीटर दूर बुडापेस्टच्या आंतरराष्ट्रीय जत्रेत एक माणूस वेगळ्याच धाटणीचा पेन लोकांना दाखवत होता. त्यात निब नव्हती. तोच लास्लो बिरो.

डॉक्टरकी सोडली, बरंच काही करून पाहिलं

लास्लो बिरोचा जन्म २९ सप्टेंबर १८९९ रोजी बुडापेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. घरच्यांच्या अपेक्षेप्रमाणे तो वैद्यकीय शिक्षणाला गेला, पण ते त्याने अर्धवट सोडलं. तिथे असताना त्याला संमोहनाचा नाद लागला आणि काही काळ तर त्यावर त्याने पैसेही कमावले.

त्यानंतर त्याने एकाच कामात फार काळ मन रमवलं नाही. चित्रं काढली, शेअर बाजारात काम केलं, पत्रकारिता केली. मधल्या वेळात यंत्रांशी खटपट चालूच असायची. मोटारीसाठी आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा त्याने बनवली. जनरल मोटर्सने तिचे हक्क घेतले, पण ती यंत्रणा गाड्यांमध्ये काही आली नाही.

थोडक्यात, आपल्याकडे अशा मुलाला घरचे म्हणतात तसा तो होता. हुशार आहे, पण एका जागी टिकत नाही. पण एक गोष्ट त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. ती म्हणजे पेन.

छापखान्यात प्रश्न मिळाला

पत्रकार असल्यामुळे बिरोला दिवसभर लिहावं लागायचं, आणि फाउंटन पेनने त्याला वैताग आणला होता. कागदावर शाईचे डाग पडायचे, लिहिलेलं सुकेपर्यंत थांबावं लागायचं.

त्याच वेळी तो छापखान्यात रोज एक गोष्ट बघत होता. यंत्रातून वर्तमानपत्र बाहेर पडायचं आणि त्यावरची शाई जवळपास लगेच सुकलेली असायची. मग हीच शाई पेनमध्ये का भरू नये?

त्याने भरून पाहिली. पण छापखान्याची शाई घट्ट असते. फाउंटन पेनच्या निबेतून ती खाली उतरेना. म्हणजे नुसती शाई बदलून भागणार नव्हतं, पेनचं टोकच बदलावं लागणार होतं.

छापखान्यात शाई कागदावर रूळ लावतो. पण रूळ फक्त पुढे-मागे फिरतो. आपण लिहिताना हात वर, खाली, आडवा, गोल असा सगळीकडे जातो. सगळ्या दिशांना फिरू शकेल असा एकच आकार आहे, तो म्हणजे गोळी.

याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. रस्त्यात पोरं गोट्या खेळत होती. एक गोटी पाण्याच्या डबक्यातून घरंगळत गेली आणि कोरड्या रस्त्यावर तिने मागे ओली रेघ सोडली. ते बघून बिरोच्या डोक्यात ट्यूब पेटली. किस्सा खरा की नंतर रंगवलेला, ते बाजूला ठेवू. बॉलपेनचं तत्त्व मात्र त्यात नीट कळतं. टोकाला बारीक गोळी, तिच्या मागे शाई, गोळी फिरली की शाई कागदावर.

मग इतकी वर्षं कुणाला हे सुचलं कसं नाही?

सुचलं होतं. अमेरिकेत जॉन लाउड नावाच्या माणसाने १८८८ सालीच टोकाला गोळी असलेल्या पेनचं पेटंट घेतलं होतं. त्याला चामड्यावर खुणा करायच्या होत्या. तिथे तो पेन चालला. कागदावर मात्र तो जमला नाही आणि ते पेटंट तसंच पडून राहिलं.

अडचण होती ती शाईची. पातळ शाई भरली तर ती गोळीच्या कडेने गळते. घट्ट शाई भरली तर ती गोळीपर्यंत पोहोचतच नाही. त्यात उन्हाळ्यात शाई पातळ होते आणि हिवाळ्यात घट्ट. म्हणजे सकाळी न चालणारा पेन दुपारी गळू लागणार.

इथे बिरोच्या मदतीला आला त्याचा भाऊ ग्यॉर्गी. तो रसायनशास्त्र जाणणारा होता. दोघा भावांनी मिळून वर्षानुवर्षं शाईचे प्रयोग केले. पाण्यासारखी वाहणारी नाही आणि डांबरासारखी चिकटून बसणारीही नाही, अशी लुकण किंवा पेस्टसारखी शाई त्यांना हवी होती.

दुसरी अडचण होती गोळी आणि तिच्या खोबणीची. गोळी साधारण एक मिलिमीटरची. ती खोबणीत घट्ट बसली तर फिरणार नाही, सैल बसली तर शाई बाहेर येणार. इतकं बारीक काम त्या काळच्या यंत्रांवर सारखं जमणं अवघड होतं. त्यामुळे १९३१ च्या जत्रेत पेन दाखवला खरा, पण विकण्याजोगा पेन हातात यायला अजून बरीच वर्षं जायची होती.

१९३८ साली त्याने या पेनसाठी पेटंटचे अर्ज केले. पण तोपर्यंत हंगेरीत वेगळंच काही सुरू झालं होतं.

पेन तयार होत होता आणि देश परका होत होता

मे १९३८ मध्ये हंगेरीच्या सरकारने ज्यूंच्या विरोधात पहिला मोठा कायदा केला. पत्रकारिता, वकिली, डॉक्टरकी, व्यापार अशा क्षेत्रांत ज्यूंचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा तो कायदा. पुढच्याच वर्षी दुसरा कायदा आला आणि ही मर्यादा आणखी खाली आणली गेली. बिरो ज्यू होता आणि पत्रकारही होता. पुढे काय वाढून ठेवलंय, हे त्याला दिसत होतं.

याच काळात त्याच्या आयुष्यात एक अजब भेट झाली. तो युगोस्लाव्हियात होता आणि हॉटेलात बसून आपल्या नव्या पेनने काही तरी लिहीत होता. शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते. न गळणारा, लगेच सुकणारा तो पेन बघून त्यांचं कुतूहल जागं झालं. त्यांनी बिरोला आपल्या देशात येऊन पेनचा कारखाना काढायचं निमंत्रण दिलं.

ते गृहस्थ होते ऑगस्तिन हुस्तो. त्याच वर्षापर्यंत ते अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष होते. स्वतः इंजिनिअर असल्याने या पेनचं महत्त्व त्यांच्या लगेच लक्षात आलं.

१९३८ च्या अखेरीस बिरोने हंगेरी सोडली. आधी तो पॅरिसला गेला. पण १९४० च्या जूनमध्ये पॅरिसही हिटलरच्या फौजेच्या ताब्यात गेलं. युरोपात ज्यू माणसाला सुरक्षित वाटेल अशी जागा उरली नव्हती. हुस्तोंचं निमंत्रण अशा वेळी कामी आलं आणि बिरो समुद्र ओलांडून अर्जेंटिनाला पोहोचला. जवळ होतं काय, तर अजून नीट न चालणारा एक पेन आणि तो चालेल याची खात्री.

ब्युनोस आयर्समधलं गॅरेज आणि जमलेला पेन

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समध्ये बिरोने पुन्हा शून्यातून सुरुवात केली. सोबत भाऊ ग्यॉर्गी आणि मित्र हुआन होर्हे मेयने. पैसे लावणारे शोधायचे, पेन बनवायचे, ते बिघडले की परत डोकं लावायचं, असा क्रम सुरू झाला.

आधीच्या पेनमध्ये शाई केवळ वजनाने खाली यायची, म्हणून पेन जवळपास उभा धरावा लागायचा. जरा तिरका झाला की लिहिणं बंद. बिरोने मग शाईसाठी बारीक नळी वापरली. समईची वात जशी तेल वर ओढते, तसं बारीक नळीतलं द्रव स्वतःहून पुढे सरकतं. आता पेन तिरका धरला तरी शाई गोळीपर्यंत पोहोचू लागली. आज आपण जिला रिफिल म्हणतो, ती याच नळीची नात.

१० जून १९४३ रोजी अर्जेंटिनात या सुधारलेल्या पेनच्या पेटंटची नोंद झाली. बिरो आणि मेयने या दोन नावांमधून पेनला नाव मिळालं बिरोमे. अर्जेंटिनात आजही बॉलपेनला बिरोमे म्हणतात.

पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं विमानातलं

पेन महाग होता आणि लोकांना त्याची सवय नव्हती. पण हेन्री मार्टिन नावाच्या ब्रिटिश व्यावसायिकाला त्यात एक नेमका उपयोग दिसला.

दुसरं महायुद्ध चालू होतं. विमानातल्या लोकांना उंचावर असताना दिशा, वेग, अंतर यांची आकडेमोड कागदावर करावी लागायची. पण विमान वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. फाउंटन पेनच्या पोटातली हवा मग फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. ऐन मोक्याला नकाशावर शाईचा डबका.

बिरोच्या पेनमध्ये शाई घट्ट होती आणि तोंडाशी गोळी होती. त्यामुळे उंचीवर तो गळत नव्हता. ब्रिटिश हवाई दलाने ३० हजार पेनांची ऑर्डर दिली. ज्या नाशिकजवळच्या ओझरला पुढे मिग-२१ विमानं तयार झाली, तिथल्या कुणालाही हवेच्या दाबाचा हा हिशेब सांगावा लागणार नाही. पण १९४४ साली पेन विकणाऱ्यांसाठी ती सगळ्यात मोठी जाहिरात ठरली. जो विमानात चालतो, तो जमिनीवर चालणारच.

त्याच वर्षी हंगेरीत काय चाललं होतं?

बिरोच्या पेनला गिऱ्हाईक मिळत होतं, तेव्हाच मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. मे ते जुलै या सुमारे आठ आठवड्यांत चार लाखांहून जास्त ज्यूंना रेल्वेच्या डब्यांत कोंबून बाहेर नेण्यात आलं. त्यातले बहुतेक जण ऑशविट्झच्या छळछावणीत पोहोचले.

बिरोचे आप्त युरोपात अडकले होते. त्यांना बाहेर काढायला पैसा हवा होता, आणि त्याच्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे या पेनच्या धंद्यातला त्याचा हिस्सा. आधी प्रयोगांना पैसा हवा म्हणून तो हिस्सा गुंतवणूकदारांकडे थोडा थोडा गेला होताच. आता कुटुंबासाठी उरलेलाही विकला गेला.

म्हणजे बॉलपेनमधून खरा पैसा यायची वेळ झाली, तेव्हा बिरो त्या धंद्याचा मालक राहिला नव्हता. हा व्यवहार तोट्याचा होता हे त्याला कळत नसेल असं नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात माणसांचे जीव होते.

अमेरिकेत उडालेली झुंबड

मे १९४५ मध्ये एव्हरशार्प आणि एबरहार्ड फेबर या कंपन्यांनी अमेरिकेसाठी बिरोच्या पेनचे हक्क पाच लाख डॉलरला घेतले. आता पेन बाजारात आणायचा, एवढंच बाकी होतं. पण त्यांच्याआधी दुसऱ्यानेच बाजी मारली.

मिल्टन रेनॉल्ड्स नावाचा अमेरिकन व्यापारी ब्युनोस आयर्सला गेला होता. त्याने तिथे बिरोचा पेन पाहिला. परत येऊन त्याने पेटंटमध्ये अडकणार नाही अशा बेताने वेगळ्या रचनेचा बॉलपेन बनवला आणि २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबल्स या दुकानात विकायला ठेवला. किंमत साडेबारा डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण ४० रुपये.

तरी लोकांची झुंबड उडाली. पहिल्याच दिवशी सुमारे १० हजार पेन विकले गेले.

पण घाईत बनवलेला माल तो. पेन गळू लागले, मध्येच बंद पडू लागले. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या, कंपन्यांमध्ये किंमत पाडायची चढाओढ लागली आणि दोन-तीन वर्षांत साडेबारा डॉलरचा पेन एका डॉलरच्या आत आला. बॉलपेन म्हणजे चार दिवसांचं खूळ, असं लोक म्हणू लागले. रेनॉल्ड्सचं नाव मात्र टिकलं. पांढरा पेन आणि निळं टोपण आठवतंय ना? आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी दहावीचे पेपर ज्याने लिहिले, त्या पेनवर हेच नाव होतं.

स्वस्त आणि भरवशाचा, हे कुणी जमवलं?

पेन टिकाऊ करता येतो. पेन स्वस्तही करता येतो. दोन्ही एकत्र करणं हे खरं कोडं होतं, आणि ते फ्रान्समध्ये सुटलं.

मार्सेल बिश हा पॅरिसजवळ क्लिशी इथे पेनचे सुटे भाग बनवायचा. त्याने बिरोच्या पेटंटचे हक्क घेतले आणि मूळ दुखण्याला हात घातला. ते दुखणं म्हणजे गोळी आणि खोबणीची अचूकता. त्यासाठी त्याने घड्याळं बनवणाऱ्या स्विस लोकांची बारीक कामाची यंत्रं वापरली. डिसेंबर १९५० मध्ये त्याचा बिक क्रिस्टल बाजारात आला.

तो पेन नीट पाहिला तर त्यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. सहा कडांची काया, म्हणून टेबलावरून घरंगळत नाही आणि बोटांना पकड मिळते. पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणून शाई किती उरली ते दिसतं. पोटावर एक बारीक भोक, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहतो. १९९१ पासून टोपणालाही भोक आलं, कारण लहान मुलाने चुकून टोपण गिळलं तरी श्वास चालू राहावा.

२००६ पर्यंत बिकने १०० अब्ज बॉलपेन विकले होते. ब्रिटनमध्ये कंपनी कुठलीही असो, लोक बॉलपेनला बायरो म्हणू लागले. बिरोचं आडनाव शब्दकोशात गेलं, नफा दुसरीकडे गेला.

मग थ्री इडियट्समधला पेन कुठला?

आता तुम्हाला थ्री इडियट्समधला व्हायरस सर दाखवतो तो अंतराळवीरांचा पेन आठवला असेल. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी गोष्टही. अमेरिकेने पेनवर कोट्यवधी खर्च केले आणि रशियाने पेन्सिल वापरली, अशी ती गोष्ट.

ती खरी नाही. सुरुवातीला अमेरिकेचे अंतराळवीरही पेन्सिलच वापरायचे. उलट १९६५ मध्ये नासाने एकेक यांत्रिक पेन्सिल जवळपास १२९ डॉलरला घेतली म्हणून तिच्यावर टीका झाली होती. शिवाय पेन्सिलीचं टोक मोडून यानात तरंगलं तर ते डोळ्यात किंवा यंत्रात जायची भीती, आणि लाकूड पेट घेतं हा वेगळा धोका.

पॉल फिशर नावाच्या पेन उत्पादकाने स्वतःच्या पैशातून एक पेन बनवला. तत्त्व बिरोचंच होतं. फरक असा की रिफिल बंदिस्त केली आणि त्यात दाबाखाली नायट्रोजन वायू भरला. वायू शाईला सतत गोळीकडे ढकलत राहतो, मग पेन उलटा धरा नाही तर अंतराळात न्या. नासाने असे ४०० पेन घेतले. १९६८ च्या अपोलो ७ मोहिमेत तो पेन वर गेला. पुढे रशियानेही तेच पेन विकत घेतले.

बॉलपेनने आपल्याकडे काय बदललं?

शाळेत सुरुवातीला बॉलपेनला विरोध होता. अक्षर बिघडतं, असं अनेक मास्तरांचं म्हणणं होतं आणि सुंदर हस्ताक्षरासाठी शाईचा पेनच चालायचा.

पण शाळेबाहेर बॉलपेनने मैदान मारलं, त्याचं एक मोठं कारण होतं कार्बन पेपर. पावतीची दुसरी प्रत हवी तर पेन दाबून लिहावा लागतो. फाउंटन पेन दाबला की निब फाकते. बॉलपेन दाबला तर काही होत नाही. एक प्रत शेतकऱ्याला, एक व्यापाऱ्याला, एक बाजार समितीला, हे या साध्या पेनमुळे सोपं झालं. वाद झाला तर दाखवायला दोघांकडे सारखाच कागद.

तो सर्वगुणसंपन्न आहे असंही नाही. शाई तेलकट असल्याने कडाक्याच्या थंडीत घट्ट होते. म्हणूनच आपण रिफिल तळहातांत चोळतो, ती शाई गरम करण्यासाठी. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवला तर शाई पातळ होऊन गळू शकते. ओल्या किंवा तेलकट कागदावर गोळी फिरण्याऐवजी घसरते. भिंतीवर कागद धरून लिहिलं तर थोड्या वेळात बंद पडतो, कारण शाई गोळीपासून मागे सरकते आणि मध्ये हवा शिरते. अशा वेळी पेन फेकू नका. टोक खाली करून थोडा वेळ ठेवा आणि मग कागदावर गोल गोल फिरवा.

बिरोचं पुढे काय झालं?

बिरो अर्जेंटिनातच राहिला. तिथे तो लादिस्लाओ होसे बिरो झाला. ज्या देशाने संकटात आसरा दिला, तो त्याने सोडला नाही. शोध लावायचा नादही सुटला नाही. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी ब्युनोस आयर्समध्ये त्याचं निधन झालं. तोवर जगात बॉलपेन इतके स्वस्त झाले होते की ते हरवले तरी कुणी शोधत बसत नव्हतं.

अर्जेंटिनात २९ सप्टेंबर, म्हणजे त्याचा वाढदिवस, संशोधक दिन म्हणून पाळला जातो. २०१६ साली त्याच दिवशी गुगलने त्याचं डूडल केलं, तेव्हा जगभरातल्या अनेकांनी त्याचं नाव पहिल्यांदा वाचलं.

आपल्या भाषेत त्याचं नाव आलं नाही. आपण बॉलपेन म्हणतो आणि त्यातल्या बॉलकडे कधी बघत नाही. कधी वेळ मिळाला तर एखादा जुना पेन उजेडात धरून त्याच्या टोकाकडे बारकाईने बघा. एक मिलिमीटरच्या आसपासची ती गोळी दिसेल. ती नीट फिरावी म्हणून बिरोची कित्येक वर्षं गेली, आणि तिच्यावरचा हक्क विकून त्याने आपल्या माणसांना वाचवण्याची धडपड केली.